बहिरी कणीक

दोम्निनाच्या हाताला गुण आहे, असं शिफ्राकाकू भर अंगणात बोलून गेली आणि त्या दिवसापासून मिल्काला अन्न गोड लागेना.

शिफ्राकाकूचं सोडा, म्हातारीच्या तोंडाला झाकणच नाही. पण कोणासमोर काय बोलतोय याला काही धरबंध? मिल्का तिथेच तंदूरमधली राख काढत बसली होती. आणि बेरिया गावातल्या आम्हा नासरी लोकांची वल्हांडणाच्या सणाची बेखमीर, न आंबवलेल्या कणकेची भाकरी मिल्काच्या हातची असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिच्या आजीने केली, आईने केली, मग मोठ्या बहिणीने आणि तिच्यानंतर मिल्काने. काम जोखमीचं. पिठात पाणी पडलं की भाकरी तंदूरला चिकटेपर्यंत हात थांबता कामा नये. वेशीपासून नदीपर्यंत माणूस चालत जाईल तेवढा वेळ कणीक नुसती पडून राहिली की तिला खमीर चढलं, ती आंबली समजायचं. आणि वल्हांडणात ज्याच्या पोटात खमीर गेलं तो आपल्या लोकांतून तुटला. सगळ्या जमातीचं पाप-पुण्य असं एका बाईच्या मनगटावर. म्हणून तर लग्न नाही, संसार नाही, तरी शब्बाथाला, शनिवारच्या प्रार्थनेला, बायका मिल्काला उठून जागा देत.

"काय काकू, तिच्या हाताला गुण? मग माझ्या हाताला काय किडे पडलेत?"

"अगं बाई, तुझं नाव कोणी घेतलं? तुझा हात तो तुझा हात. मी आपलं पोरीचं कौतुक केलं. परक्या घरची, पण वर्षाच्या आत सगळं शिकली."

"शिकली. आणि शिकवलं कोणी?"

"तू शिकवलंस. म्हणजे कौतुक तुझंच झालं की! मग जळतेस कशाला?"

जळत होतीच ती. खोटं कशाला बोलायचं? उठता-बसता जळत होती. विहिरीवर दोम्निना हसली तरी मिल्का कळशी आपटायची, आणि दोम्निना गप्प बसली तर वाटायचं, बघा कशी सोज्वळपणा दाखवतेय मेली.

कारणही तसंच होतं. मिल्काची मोठी बहीण तिर्झा बाळंतपणात गेली. मागे राहिली एवढीशी तबिता आणि तिचा बाप जक्कै. जक्कै लोकर रंगवतो. माणूस सज्जन, पण कणा म्हणून नाही. बायको गेली तेव्हा हातात पोर घेऊन तो असा उभा राहिला की जणू कोणी चुकून दुसऱ्याचं गाठोडं त्याच्या हातात दिलंय. मिल्काने ते गाठोडं घेतलं. शेळीचं दूध पाजलं, रात्री-अपरात्री खांद्यावर घेऊन फिरवलं, दात येताना बोटं चावून घेतली. तिला त्या काळात दोन चांगली स्थळं आली होती. तिने नाही म्हणून सांगितलं. मनातल्या मनात मांडे खात होती ना! बायको मेलेल्याने मेहुणी करायची, ही काही आमच्यात नवलाची गोष्ट नाही, शास्त्राला धरून आहे. आज ना उद्या दाजी विचारतील. पोर आपली, घर आपलं, मग उशीर झाला तर झाला.

एका संध्याकाळी जक्कै दारात येऊन खाकरला. "मिल्का, तुझ्याशी जरा बोलायचंय."

मिल्काने ओढणी सारखी केली. 

"मी लग्न करतोय," जक्कै म्हणाला. "ती दोम्निना येते ना आपल्याकडे शब्बाथाला, तिच्याशी. तुला आधी सांगावं म्हटलं."

मिल्का म्हणाली, "बरं झालं हो दाजी." अजून काय म्हणणार?

दोम्निना बिशपच्या मंडळीतली, मोशेचा नियम न पाळणाऱ्या ख्रिस्त्यांमधली. तिकडच्या बायका आमच्याकडे येतात अधूनमधून, शब्बाथाचे दिवे बघायला, जुन्या प्रार्थना ऐकायला. चार दिवस हौस आणि मग घरी. पण ही टिकली. पाण्यात बुडून शुद्ध झाली, डुकराचं मांस सोडलं, शब्बाथाला चूल पेटवेनाशी झाली. बिशपच्या लोकांनी प्रवचनात तिचं नाव न घेता तिला कुत्री म्हटलं, जी ओकलेलं पुन्हा चाटते. तिची स्वतःची आई मत्रोना रस्त्यात दिसली तर तोंड फिरवायची. कारण तिकडे आम्ही म्हणजे येशूचं नाव घेणारे चोरटे यहुदी. आणि सभास्थानातल्या यहुद्यांना विचाराल तर आम्ही म्हणजे नियमशास्त्राचं कातडं पांघरलेले पाखंडी. ते रोजच्या प्रार्थनेत आम्हाला शाप देतात, सकाळ-दुपार-संध्याकाळ, न चुकता. आम्ही येशूला मशीहा मानतो आणि मोशेला सोडत नाही, एवढाच काय तो गुन्हा. तर अशा दोन्हीकडून जोडे खाणाऱ्या घरात ही पोर आपल्या पायाने चालत आली, म्हणून आमच्यातल्या म्हाताऱ्या तिला डोक्यावर घेऊन नाचत होत्या. मिल्का जन्मापासून जोडे खात होती. तिला कोणी नाचवलं होतं?

आणि तबिता! पहिले दोन महिने पोर 'मावशी, मावशी' करत रात्री मिल्काकडे निजायला यायची. मग एक दिवसाआड. मग शब्बाथापुरती. मग मिल्काच बोलवायला जायची, तर पोर दोम्निनाच्या मांडीवर बसून केस विंचरून घेत असायची. मिल्का दारातूनच परतायची. वाटेत स्वतःशीच पुटपुटायची, "विंचर, विंचर. उवा काढल्या मी."

तर वल्हांडणाच्या आदल्या आठवड्यात अब्बा शीला, म्हणजे आमचे वडीलधारे, त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "शिफ्राचे हात आता कापतात. यंदा ती तंदूर सांभाळेल. दुसऱ्या काठवटीवर दोम्निना बसेल."

मिल्का म्हणाली, "अब्बा, मी एकटी करते की. मला जड नाही."

"तू कायमची पुरणार आहेस का गं?" अब्बा हसले. "शिकू दे तिला. पुढे-मागे तुझ्या जागी कोणी हवं."

तुझ्या जागी. म्हाताऱ्याने सहज म्हटलं. मिल्का घरी गेली आणि दार लावून घेतलं.

सण संध्याकाळी दिवे लागले की सुरू होतो. त्या दुपारी जक्कैच्या अंगणात दोन काठवटी मांडल्या. घराघरातलं जुनं खमीर सकाळीच जाळून झालं होतं. पाणी आदल्या संध्याकाळी भरून रात्रभर थंड केलेलं. शिफ्राकाकू तंदूरमध्ये जैतुनाच्या काटक्या सारत खोकत होती. काटक्या जरा ओल्या निघाल्या, धूर झाला, तंदूर तापायला वेळ लागत होता.

"काकू, अहो, आमची कणीक इथे म्हातारी व्हायची!" मिल्का ओरडली.

"मग मळत राहा! हात चालू असला की काही होत नाही. मला काय ओरडतेस, लाकडाला ओरड!"

दोघींनी एकाच वेळी पाणी ओतलं होतं. दोघींचे हात चालले होते. मिल्का तिरक्या नजरेने बघत होती. दोम्निना मळत होती ती अगदी मिल्कासारखी: तळव्याच्या टाचेने पुढे रेटायचं, बोटांनी मागे ओढायचं, मग पालटायचं. ती लकब मिल्काची. तिर्झाकडून मिल्काने घेतलेली. आणि गोळाही कसा, घट्ट, तुकतुकीत, एक भेग नाही. मिल्काला वाटलं, आपल्याच घरात शिरून कोणी आपलेच कपडे घालून बसलंय.

तेवढ्यात तबिता लंगडत आली. पायात काटा मोडला होता. दारातून आलं की आधी मिल्काची काठवट लागते. मिल्काने मान वर केली, तोंडावर हसू आलं, म्हणाली, "काय झालं गं माझ्या..."

पोर तिला वळसा घालून पुढे गेली. "आई, काटा!"

दोम्निनाने हात झटकले, पोरीचा पाय मांडीवर घेतला, फुंकर घातली, नखाने काटा धरला. "हा बघ निघाला. केवढासा! आणि तू केवढी रडतेस." मग पाणी घेऊन हात धुतले आणि पुन्हा मळायला बसली. झालं, एवढंच.

पण मिल्काचे हात थांबले होते. मुद्दाम नव्हे. 'आई' हा शब्द कानावर पडला आणि मनगटातलं बळच गेलं. ती नुसती बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या ध्यानात आलं की आपले हात थांबलेत. तिने पटकन मळायला घ्यायला हवं होतं. अजूनही चाललं असतं. तिने घेतलं नाही.

कारण तिला बहिऱ्या कणकेचा नेम आठवला. कधी कधी कणीक अशी असते की खमीर चढलंय की नाही कळतच नाही. भेग नाही, रंग बदललेला नाही, थापटली तर काही सांगत नाही. ती बहिरी कणीक. मग तिचा निवाडा कसा करायचा? तिच्याच वेळी मळलेली शेजारची कणीक बघायची. शेजारची फुगली असेल तर हीसुद्धा फुगलीच, दोन्ही जाळायच्या.

दोम्निनाचे हात थांबले होते, हे शिफ्राकाकूनेही पाहिलं होतं. तिची कणीक आता बहिरी. आणि शेजारची कणीक कोणाची? मिल्काची.

मिल्काने आपली काठवट हळूच तंदूरच्या बाजूला सरकवली, जिथे भिंत गरम होती. गोळ्यावर ओलं फडकं टाकलं. फडक्यावर हात ठेवून ती मळल्यासारखं करत राहिली. "अजून धूर आहे काकू," ती म्हणाली. "घाई नको. भाकरीला वास लागेल."

शिफ्राकाकू म्हणाली, "मघाशी तूच ओरडत होतीस!"

शेवटी तंदूर तापला. मिल्काने फडकं काढलं. गोळ्यावर बारीक बारीक भेगा पडल्या होत्या, टोळाच्या मिश्यांसारख्या, इकडे एक, तिकडे एक. नेमात जशा सांगितल्यात तशाच. मिल्काने कपाळावर हात मारला आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

अब्बा शीला आले. त्यांना दिसायचं कमी, त्यांनी बोटांनी चाचपलं. मिल्काच्या गोळ्यावर त्यांचं बोट एका भेगेत अडलं. मग म्हणाले, "मिल्का, तुझी?"

"माझी, अब्बा. आजवर कधी फुगली होती? तुम्हीच सांगा. आज हिच्या शेजारी बसले आणि हे झालं! हिचे हात थांबले होते, विचारा काकूला. हिची कणीक बघा कशी गप्प बसलीय. ज्या घरात देवापुढेसुद्धा फुगलेली भाकरी ठेवतात त्या घरची ही. नखात काय घेऊन आलीय कोणास ठाऊक."

अंगणात बायका जमल्या होत्या. कोणीतरी 'च्‌च्‌' केलं. दोम्निनाने मिल्काकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. 

"हात थांबले होते का पोरी?" अब्बांनी विचारलं.

"हो," दोम्निना म्हणाली.

"मग दोन्ही जाळा." अब्बा थकल्यासारखे झाले. "रांजणात पीठ आहे अजून. मिल्का पुन्हा करेल. दोम्निना, तू आज काठवटीला हात लावू नकोस."

इथे थांबायला हवं होतं मिल्काने. पण पोटातली आग अशी अर्ध्यावर विझते होय? "आणि रात्री, अब्बा? पंगतीला बसणार ही? उद्या सभास्थानातले म्हणतील, पाखंडी ते पाखंडीच, वल्हांडणात खमीर मळतात. आणि त्यांचं खरं ठरेल!"

हा बाण अब्बांच्या वर्मी लागला. आमची माणसं दरसाल कमी होत होती. कोणी तिकडे जातं, कोणी इकडे. म्हाताऱ्याला लोकांच्या बोलण्याची धास्ती.  "आजची रात्र बाहेरच्या खोलीत बसेल ती," ते म्हणाले. "उद्या बघू."

सगळ्यांनी जक्कैकडे पाहिलं. जक्कै आपल्या निळ्या पडलेल्या बोटांकडे बघत होता. "अब्बा म्हणतील तसं," तो म्हणाला.

दोम्निनाने हात धुतले, ओढणी घेतली आणि दाराबाहेर गेली. कोणाशी भांडली नाही, कोणाचा निरोप घेतला नाही. शिफ्राकाकूने दोन्ही गोळे आगीत टाकले. दोम्निनाचा टाकताना पुटपुटली, "बिचारी. हिने काय केलं होतं? शेजार वाईट, म्हणून जळाली. आपल्यासारखीच गत."

मिल्का एकटीने मळायला बसली. आणि कधी नव्हे अशी भाकरी केली. पातळ, कडक, वरती तांबूस ठिपके. शिफ्राकाकू थापटून देत होती, मिल्का तंदूरला लावत होती, आणि अंगण पूर्वीसारखं झालं होतं. तिच्या मनात एकच चाललं होतं: आता पोर रात्री माझ्या शेजारी बसेल. दोम्निना बाहेरच्या खोलीत असेल, पोर कुठे जाणार? माझ्याच मांडीवर झोप लागेल तिला.

शेवटची भाकरी काढून ती उठली. "तबिता! ये गं, न्हाऊ घालते तुला."

कोणी ओ दिली नाही. जक्कै दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"दाजी, पोर कुठंय?"

"गेली."

"गेली म्हणजे?"

"तिच्यामागे धावली. मी हाक मारली, थांबली नाही." जक्कैचा आवाज फुटला. "दोघी मत्रोनाच्या घराकडे गेल्या असतील. दुसरं कुठे जाणार?"

"आणि तुम्ही इथे उभे? जा ना, घेऊन या!"

"कुठल्या तोंडाने जाऊ गं? मघाशी सगळे बोलत होते आणि मी माझी बोटं बघत होतो." तो खाली बसला, डोकं धरून. कणा नाही म्हटलं ना मी.

मिल्काने ताजी भाकरी उचलली, ओढणीखाली धरली आणि निघाली. पोर सकाळपासून उपाशी होती. पोरीला आणायचं, एवढंच तिच्या मनात होतं. दोम्निना राहू दे आईकडे. बरंच झालं.

सभास्थानाच्या गल्लीत बरूरा दारापुढे पाणी मारत होती. ती लहानपणची ओळखीची, पण आता आमच्या घरचं पाणी पीत नाही. "काय गं मिल्का, सणाच्या तोंडावर कुठं निघालीस धावत? तुमचा मशीहा आला की काय परत?"

"आला की तुला सांगावा धाडीन, बरूरा. तोवर शाप देत बस."

"देतेच बाई, रोज. तुझं नाव घेऊन नाही पण," बरूरा म्हणाली आणि हसली. एरवी मिल्काही हसली असती.

पुढे बिशपच्या मंडळीची वस्ती. तिथे ओट्यावरच्या दोघा पुरुषांनी तिच्या ओढणीवरून ओळखलं. एकजण म्हणाला, "यहुदीण वाट चुकली." दुसरा म्हणाला, "यहुदीण कसली, वटवाघूळ आहे ते. ना धड पक्षी, ना धड उंदीर." मिल्काने मान खाली घातली आणि कोपऱ्यावरून वळली.

वळली आणि थबकली. मत्रोनाचं दार उघडं होतं. मत्रोना उंबऱ्यात उभी, हातात भाकरी. त्यांचे उपासाचे दिवस चालू होते, संध्याकाळी भाकरी आणि मीठ, एवढंच. पण भाकरी ती, गुबगुबीत, फुगलेली, वाफ निघत असलेली. समोर पायरीखाली दोम्निना, आणि तिच्या हाताला धरून तबिता.

"ये ना आत," मत्रोना म्हणत होती. "मी कुठे नाही म्हणते? पण आधी हे खा. तूही खा, पोरीलाही दे. मग कळेल मला, माझी मुलगी परत आली."

तबिताने हात पुढे केला. भुकेलं पोर ते. तिला काय कळतंय?

दोम्निनाने तिचा हात हळूच धरला. "नको, तबिता. आज नाही. ही आपली नाही."

"आपली?" मत्रोना कडाडली. "त्यांनी हाकललं ना तुला? तुझी अवस्था बघ, सणाच्या दिवशी रस्त्यावर! आणि अजून त्यांचा नेम पाळतेस?"

"त्यांचा म्हणून नव्हता पाळत, आई."

"मग उपाशी मर." दार आपटलं.

दोम्निना पायरीवर बसली. तबिताने तिच्या मांडीत तोंड खुपसलं आणि रडायला लागली. दोम्निना तिच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी गुणगुणत राहिली.

मिल्का कोपऱ्यात उभी राहून बघत होती. सांगितलं तर खोटं वाटेल, पण अजूनही तिच्या छातीत तेच जळत होतं. पोर रडायला त्या मांडीत गेली, म्हणून. ही बाई रस्त्यावरसुद्धा माझ्यापेक्षा चांगली निघाली, म्हणून. तिला वाटलं, मागच्या मागे फिरावं. फिरली असती. पण त्या गुबगुबीत भाकरीकडे गेलेला पोरीचा हात काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. अंगणात तिने ओरडून ओरडून जे सांगितलं होतं ते सगळं खोटं होतं, आणि ते खरं व्हायला आत्ता बोटभर अंतर राहिलं होतं. ते अंतर राखलं कोणी?

ती पुढे गेली. "दोम्निना."

दोम्निनाने वर पाहिलं. "ये मिल्काताई."

"ती कणीक..." मिल्काने ओढणीखालची भाकरी घट्ट धरली. "माझी कणीक आपोआप नाही फुगली."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"फडक्यावरून मळत होतीस ना. मी समोरच होते. तू काठवट सरकवलीस तेव्हाच कळलं."

 "मग बोलली का नाहीस? अब्बांसमोर बोलायचंस! तुझ्या तोंडाला काय कुलूप होतं?"

दोम्निना पोरीच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. "काय बोलू? मला नवरा आहे, पोर आहे, घर आहे. तुला तेवढा तंदूरच आहे, ताई. तोही मी घेऊ?"

थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मिल्कानेही चार दिल्या असत्या, दोघी मोकळ्या झाल्या असत्या. पण कीव! जिच्यावर वर्षभर जळली तिने तिची कीव करावी! मिल्काचं तोंड तापलं, डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांपायी तिला दोम्निनाचा आणखीनच राग आला.

"मोठी आलीस उपकार करणारी," ती म्हणाली. पण आवाजात दम नव्हता. "चल घरी."

"मी कशी येणार? अब्बांनी सांगितलंय बाहेर बस."

"मी सांगते ना त्यांना."

"काय सांगशील?"

 काय सांगावं लागेल ते मिल्काला चांगलं ठाऊक होतं, आणि सांगितल्यावर काय होईल तेही. पुढच्या वर्षी तिच्या काठवटीवर कोण बसेल, शब्बाथाला बायका कोणासाठी उठतील, सगळं.

तेवढ्यात तबिताने मान वर केली. नाक ओढलं. "मावशी, भूक लागली."

मावशी! मिल्काचा जीव गोळा झाला. तिने घाईघाईने ओढणीखालची भाकरी काढली, अजून कोमट होती, आणि पोरीपुढे धरली. "घे माझी राणी, घे. तुझ्यासाठीच आणलीय. आपली आहे बघ, बेखमीर. मावशीने केलीय."

तबिताने हात पुढे केला नाही. मत्रोनाच्या भाकरीने शिकवलं होतं तिला. तिने मिल्काच्या हातातली भाकरी बघितली, मग वर दोम्निनाकडे बघितलं.

"आई, ही चालते?"

दोम्निनाने भाकरी घेतली. कड बघितली, मधोमध अंगठ्याने दाबून बघितली, उजेडाकडे धरली. आजीपासून ज्या घरची भाकरी सगळी जमात डोळे मिटून खाते, त्या घरची मिल्का रिकामे हात लोंबते ठेवून रस्त्यात उभी होती आणि दोम्निना काय म्हणते याची वाट बघत होती.

"चालते," दोम्निना म्हणाली. "छान झालीय. पण आत्ता नाही हं, राणी. सूर्य आहे अजून. दिवे लागायच्या आत ही भाकरी खायची नसते ना?"

मिल्काने पश्चिमेकडे पाहिलं. घरांच्या वर बोटभर सूर्य होता. हा नेम तिने किती पोरांना शिकवला असेल, आणि आज तीच विसरली. आठवण करून दिली ती हिने.

तिने भाकरी परत घेतली आणि ओढणीखाली धरली.

"चला लवकर," ती म्हणाली. "दिवे लागायच्या आत मला अब्बांना सांगायचंय."